बोरीखालचे दोन टाक

ऋतुजानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर पिशवी उपडी केली, तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. आधी रोटाव्हेटरचं तुटकं पातं पडलं. मग बैलाच्या माळेतलं एक घुंगरू, गंजलेले नटबोल्ट, आणि सगळ्यात शेवटी मातीनं माखलेल्या दोन चकत्या, जुन्या रुपयाएवढ्या. त्यातली एक गरागरा फिरत माझ्या हाताजवळ आली आणि पालथी पडली. तिच्या वरच्या अंगाला तांब्याच्या तारेची कडी होती. कडी एका बाजूला वाकलेली होती. मी कोथिंबिरीची एक काडी मोडली, मग आणखी एक, आणि मग ध्यानात आलं की पानं कचऱ्यात जातायत अन् काड्या ताटलीत. "काय झालं गं आई?" ऋतुजा म्हणाली. मी म्हणाले, "काय न्हाई, बिया लई हायत हिच्यात." कोथिंबिरीत कुठल्या आल्यात बिया! तोंडाला आलं ते बोलले.

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, मरणाची भीती वाटली. बीडच्या ह्या घरात वीस वर्षं काढली, खाली दुकानं, वर आम्ही, दिवसभर रिक्षांचे हॉर्न. इथं चौसाळ्याजवळच्या आमच्या शेतातली माती अशी टेबलावर येऊन पडेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. शेत आता जावई बघतो, हरिओम. मागच्या महिन्यात नांगरताना रोटाव्हेटरचं पातं तुटून मातीत राहिलं, ट्रॅक्टरच्या टायरात घुसेल म्हणून त्यानं ते धातू हुडकायचं मशीन ऑनलाइन मागवलं. जमिनीवरून फिरवलं की टूंटूं वाजतं म्हणे. आज रविवार, ऋतुजाच्या शाळेला सुट्टी, म्हणून सकाळी दोघं गेले. "पातं तर पाच मिनिटांत सापडलं," ती सांगत होती, "पण मग हरिओम थांबेचना. लहान पोरागत सगळ्या शेतभर फिरवत बसला. आजीचं ते बोरीचं झाड होतं ना, तोडलेलं, त्याच्या बुंध्यापाशी असलं जोरात वाजलं! हातभर खणलं. एक आधी निघाली, मग तिच्या खाली वीतभर दुसरी." दुसरी? मी एकच पुरली होती. हे शब्द माझ्या जिभेवर आले आणि मी तोंडावर हात धरला. तो तसाही धरतेच मी. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे, बोलताना हात आपोआप जातो.

ती चकत्या घेऊन मोरीत गेली. दातांची पावडर लावून जुन्या ब्रशनं घासायला लागली. ब्रशचा तो खसखस आवाज मी ऐकत राहिले. आत्ता तोंड दिसेल, आत्ता हात दिसतील. "आई, बाई आहे गं! दोन्हीवर बाई आहे. चांदीचे टाक आहेत." ती ओल्या हातानं धावत आली. डोक्यावर पदर, दोन हात समोर जोडलेले, पायात जोडवी. मला सगळं पाठ होतं. तीन वर्षं ती बाई माझ्या छातीवर बसली होती. "देवीच ना? तुला कळेल, तू एवढे टाक पुजलेस. तुळजाभवानी की आणखी कोण?" मी म्हटलं, "जगदंबा असंल." झालं. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. ऋतुजा लगेच देव्हाऱ्यापाशी गेली, दोन्हींना हळदीकुंकू लावलं आणि आमच्या खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवून दिलं. हात जोडले. मी तिच्या मागं उभी. कडूबाई माझ्या देव्हाऱ्यात बसली होती, देवांच्या रांगेत, आणि सांजच्याला दिवा लावताना मला तिच्या पाया पडायचं होतं.

कडूबाई म्हणजे माझ्या मालकांची पहिली बायको. ऋतुजाची आई. काविळीनं गेली, बावीस वर्षांची, तेव्हा ऋतुजा अकरा महिन्यांची. माझे आईबाप शिरूर कासारचे, दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यावर जायचे. बिजवर का असेना, एसटीत कंडक्टर आहे, पोरगी एका जागी बसून खाईल म्हणून मला दिली. लग्नात मंगळसूत्राच्या आधी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात हा टाक बांधला. सवतीचा टाक. मेलेलीला मान दिला नाही तर ती नव्या बाईला सुख लागू देत नाही, म्हणून तिला गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, म्हणायचं, कडूबाई, नेस. मग मी नेसायचं. पहिला घास तिला दाखवायचा. कुणी हळदीकुंकू लावलं तर आधी तिला, मग मला. मी केलं हो सगळं. मेलेल्या माणसाचा काय राग धरायचा! बिचारीनं माझं काय वाईट केलं होतं? उलट एकटी असले की मीच तिच्याशी बोलायचे, बाई, तुझा नवरा आज कावून तणतणतोय, काही सांग.

राग आला तो पोरीपायी. कुणीतरी तिला शिकवलं होतं, ही बघ तुझी आई, आणि बोट टाकावर. आणि मी कोण? मी मावशी. पोरगी माझ्या हातची जेवायची, माझ्या मांडीवर झोपायची, ताप आला की मलाच बिलगायची, आणि बोलायची मात्र त्या पत्र्याशी. टाक मुठीत धरून, तोंडाजवळ नेऊन, हळू आवाजात. "आई, आज मावशीनं मला मारलं." मी मारलेलं मीच ऐकायचं, माझ्याच छातीवर. "आई, मावशीला सांग, मला शेवया पाहिजेत." मी शेवया करायचे. ती आधी टाकाला भरवायची. माझा गळा चिकट व्हायचा आणि पोरगी खुश. तीन वर्षं मी वाट पाहिली की एकदा तरी मान वर करील, माझ्या तोंडाकडं बघून तो शब्द म्हणेल. माझ्या पोटी काही झालं नाही, पुढंही झालं नाही. मला तो शब्द पाहिजे होता. एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं.

"आई, ह्याला कडी आहे." ऋतुजा देव्हाऱ्यापाशीच होती. तिनं टाक परत उचलला होता. "आपल्या खंडोबाला कडी नाही. देवाच्या टाकाला कडी कशाला लागेल? देव काय गळ्यात घालतात?" मी म्हटलं, "जुन्या काळी घालत असतील." ती म्हणाली, "आणि देवीच्या हातात काही नाही. ना तलवार, ना त्रिशूळ. नुसते हात जोडलेत. देवी कुणाला हात जोडेल?" शाळेत इतिहास शिकवते ती. लहानपणापासून तशीच, एक धागा हाती लागला की ओढत बसायची, पार वीण उसवेपर्यंत. मीच कौतुक करायचे, मोठी हुशार माझी पोर. "मी ईश्वरीला फोटो पाठवलेत," ती म्हणाली. ईश्वरी तिच्याच शाळेत शिकवते, चौसाळ्याच्या मन्मथप्पांची नात. "तिचे आजोबा सांगतील. त्यांच्या दुकानात पहिल्यापासून टाक करतात. आत्ता लिंगपूजेला बसलेत म्हणाली, उठले की फोन करतील."

म्हणजे मन्मथप्पांची पूजा होईपर्यंत मला वेळ होता. मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी गेले, उगाच एक पातेलं उचललं, खाली ठेवलं. हा टाक त्यांनीच ठोकलेला. ठशावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकतात, सगळ्या सवती एकाच ठशातून निघतात, सगळ्यांना एकच तोंड. तरी आपल्या हातचं काम माणूस ओळखतोच. आप्पा किती वेळ पूजा करतात? म्हातारा माणूस, बेल वाहील, भस्म लावील, अर्धा तास तरी. बाहेर गॅलरीत मालक खुर्चीवर बसून मोबाईलवर कीर्तन ऐकत होते. सगळं घर जिथल्या तिथं होतं आणि माझ्या पायाखाली काहीच नव्हतं. आणि तो दुसरा टाक कुठला? मी देव्हाऱ्यातून तो उचलला आणि नखानं त्याच्या कडेची माती खरवडत बसले. हा जास्त झिजलेला होता, बाईचं नाक सपाट झालं होतं. एकाचे दोन झाले मातीत? असं कधी होतं का? पण तेव्हा मला तेही खरं वाटलं असतं.

तो दिवस चैत्रातला. भर दुपार, रान मोकळं. ऋतुजा तेव्हा पाच वर्षांची. सकाळी मी तिची वेणी घालत होते, तर टाकाला म्हणाली, आई, मावशीला म्हणावं हळू ओढ. मी वेणी पुरी केली. दुपारी खुरपं घेतलं आणि रानात गेले. दोरा सुटेना, तीन वर्षांच्या घामानं गाठ घट्ट झालेली. मी कडीच दातात धरली आणि ओढली. दात कच्चकन मोडला. कडी वाकून दोऱ्यातून निघून आली. तोंडात रक्त, हातात कडूबाई. बोरीखाली हातभर खणलं आणि तिला पालथी ठेवली, वर तोंड करून ठेवायचा धीर झाला नाही. बोरच का? तर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, तिथं आसरा हायत, झपाटत्यात, खणू-बिणू नका, बायामाणसानं तर फिरकू बी नये. माणूस तिकडं जायचंच नाही. पुरायला त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

घरी आले तर सासूबाई दारात. सत्यभामा त्यांचं नाव. बोलणं कमी, नजर कडक. "कुठं गेलतीस?" मी म्हणाले, "हिरीवर. वाकले अन् टाक आत पडला." त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, दाताकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. आत गेल्या, तांब्या आणला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. "धू. नखात माती हाय." बाकी काही नाही. मालक संध्याकाळी ओरडले, नवा करून आण म्हणाले. सासूबाई दुसऱ्या दिवशी एकट्या एसटीनं चौसाळ्याला गेल्या. मी दिवसभर देवाला म्हणत होते, मिळू नये, मिळू नये. आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "मन्मथप्पाचा ठसा फुटलाय म्हणं. आता तसा न्हाई मिळायचा." मालक म्हणाले, मग बीडवरनं आणू. तर म्हणाल्या, "दुसऱ्या ठशाची बाई दुसरीच असंल. तिला कावून गळ्यात घालायची? तिचा आपला काय संबंध?" मालकांनी विषय सोडला. मी चुलीपुढं तोंड लपवून हसले. म्हातारीला कशी फसवली! पंचवीस वर्षं मनातल्या मनात मिरवलं मी ते. ऋतुजा काही दिवस माझ्या गळ्याशी चाचपायची, रडायची. दिवाळीत फुलबाजी पेटवून घ्यायला माझ्याकडं आली आणि म्हणाली, आई, दे ना. मी फुलबाजी उलटी धरली, बोट भाजलं. भाजू दे म्हटलं.

"आई." ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात होती. आवाज उतरला होता तिचा. "आजोळची, युसूफ वडगावची मामी सांगायची, माझ्या आईचा टाक होता, तो तुझ्याकडून विहिरीत पडला. असाच असायचा ना तो? गळ्यातला?" मी ओट्यावरचं फडकं घडी करायला घेतलं. "विहीर तर पार खालच्या बांधाला आहे. बोर वरच्या." ती जवळ आली. तिनं टाक उजेडात धरला, वाकलेल्या कडीवर बोट फिरवलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुझा दात कशानं तुटला गं?" मी म्हणाले, "हापशाचा दांडा..." पंचवीस वर्षं हेच सांगत आले होते, डॉक्टरला, शेजारणीला, तिलाही. पण ह्या वेळी तोंडावर हात गेला नाही. "न्हाई," मी म्हणाले. "ह्या कडीनं तुटला. मीच पुरला टाक. बोरीखाली. तू त्याला आई म्हणायचीस अन् मला मावशी. मला सोसवंना."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला तिचा एक फोटो नाही," ती म्हणाली. "एक पण नाही. नाकात चमकी होती आणि हसताना डोळे मिटायची, एवढंच मामीनं सांगितलंय. आणि तू पुरलीस तिला." "ते काय तिचं तोंड न्हाई गं, ठशाची बाई हाय ती, सगळ्यांची..." "माहितीय मला!" ती ओरडली आता. "कळतं मला ते! तरी माझी आई होती ना ती? मी बोलायचे ना तिच्याशी? मग तू कोण ठरवणार?" मी म्हणाले, "कुणी न्हाई." आणि ते खरं होतं. मी कुणीच नव्हते. लग्नानं बायको झाले होते, पण हिची आई मी चोरून झाले होते, खुरप्यानं. आता ती मला काय म्हणेल? वनमालाबाई? परत मावशी? मी तिच्या ओठांकडं बघत राहिले.

फोन वाजला. ईश्वरीचा. ऋतुजानं डोळे पुसले आणि स्पीकर लावला, सवयीनं लावला असेल, किंवा मला ऐकवायला. मन्मथप्पांचा आवाज म्हातारा झालाय, पण खणखणीत. "ऋतुजाबाई, बघितले फोटू. दोन्ही टाक आमच्याच दुकानचे. मागं कडेला बेलाचं पान कोरलंय का बघा, बारीक? ही आमची खूण. देवी-बिवी न्हाई ही, सवतीचे टाक हायत. वाकड्या कडीचा हाय त्यो मी सोता ठोकलेला, तुमच्या वडलांच्या दुसऱ्या लग्नाला. दुसरा लई जुना. आमच्या वडलाच्या हातचा. त्यो तुमच्या आजीचा." ऋतुजा म्हणाली, "आजीचा? सत्यभामाआजीचा?" "व्हय की. तुमच्या आजोबाला पहिली बायको होती, वर्षात गेली बिचारी. नाव आता कुणाला ठाऊक न्हाई. तिचा टाक सत्यभामाबाईच्या गळ्यात असायचा. पण त्यो तर हिरीत पडलता म्हणून आमी ऐकलतं. बोरीखाली कसा निघाला?"

ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. हिरीत पडला. माझं खोटं माझ्या आधीच कुणीतरी बोलून ठेवलं होतं. मी फोनकडं वाकले. "आप्पा, मी वनमाला बोलते. तुमचा ठसा फुटलता ना? माझा टाक हरवला त्या साली सासूबाई आलत्या तुमच्याकडं, नवा करायला." आप्पा म्हणाले, "ठसा? न्हाई बा. ठसा कशाला फुटंल? पंचरसी हाय त्यो, हिथं कपाटातच हाय. सत्यभामाबाई आलत्या, हे खरं. बसल्या, च्या पिल्या. टाकाचं काय बोलल्याच न्हाईत. समईच्या वाती घेतल्या अन् गेल्या."

तिथं आसरा हायत, खणू नका. कुणी सांगितलं होतं ते? दुसऱ्या कुणी कधीच नाही, सासूबाईंनीच. स्वतःची पुरलेली बाई कुणी उकरू नये म्हणून. आणि मी, शहाणी, नेमकी तिथंच जाऊन खणत बसले, वीतभर वर. माझ्या नखातली माती त्यांनी ओळखली, ती कुठली माती आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? अकरा वर्षं झाली जाऊन. जाईपर्यंत एका शब्दानं बोलल्या नाहीत. पोर होत नाही म्हणून जावा कुजबुजायच्या, सवत कोपली म्हणायच्या, तेव्हा ह्याच कडाडायच्या, गप बसा गं, कोण कोपत न्हाई. आणि मी त्यांच्याशी आयुष्यभर जपून वागले, जरा लांबून. मला रडू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला, पण आवाज आलाच.

ऋतुजानं फोन ठेवला. दोन्ही टाक हातात घेतले, बराच वेळ बघितले. झिजलेला टेबलावर ठेवला, वाकड्या कडीचा ओढणीच्या टोकाला घातला आणि गाठ मारली. "ही माझी," ती म्हणाली. "माझ्याकडं राहील." मी मान हलवली. गाठ मारून झाल्यावरही तिनं ती मुठीत धरून ठेवली होती. अगदी तशीच, जशी पाच वर्षांची असताना धरायची. मला विचारायचं होतं, आता मला काय म्हणशील, पण विचारू कशी?

तेवढ्यात गॅलरीतलं कीर्तन बंद झालं आणि मालक आत आले. "सवतीचा टाक म्हणत होते का आप्पा? आपला सापडला?" त्यांचा चेहरा उजळला होता. भाबडा माणूस आहे, वाईट नाही. "हिरीतला टाक बोरीखाली कसा आला पण?" ऋतुजा त्यांच्याकडं पाठ करून उभी होती. "दुष्काळात विहिरीचा गाळ काढला होता ना बाबा," ती म्हणाली, "त्यातनं आला असेल." "असंल, असंल. चांगलं झालं बघ. वनमाला, घाल मग गळ्यात. तवापास्नं रिकामा हाय गळा, माझ्या मनाला लागून राहिलंतं. बघू इकडं. कडी वाकलेली म्हणत होते आप्पा, मोडका टाक गळ्यात चालत न्हाई, ह्यो मोडीत घालू. उद्या मी चौसाळ्याला चाललोच हाय, मन्मथप्पाचा तवा फुटलेला ठसा आता नीट झाला असंल, त्याच्याकडनं नवा ठोकून आणतो."

मी ऋतुजाकडं पाहिलं. ती नुसती गप्प राहिली असती तर उद्या संध्याकाळी कडूबाई परत माझ्या छातीवर आली असती आणि मी नाही म्हटलं नसतं. तिचा हक्क होता. ती ओढणीची गाठ चाचपत होती. मग तिनं माठावरचा तांब्या घेतला, भरला.

"बाबा, मी आत्ताच विचारलं आप्पांना," ती म्हणाली. "ठसा फुटलाय म्हणे. आता तसा नाही मिळायचा."

मालक म्हणाले, "आत्ता गं बया!" आणि डोकं खाजवत उभे राहिले. ऋतुजा माझ्याकडं वळली. "हात पुढं कर, आई," ती म्हणाली. "नखात माती आहे."